कुठला लांडगा? पुणे जिल्ह्यातल्या एका माळावरचं प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, २०२४-२५ च्या हिवाळ्यातलं. गाव, कंपनी, संस्था आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. माळ ओळखू येईल असे तपशीलही गाळले आहेत, कारण तिथे आजही लांडगे आहेत आणि कॅमेरे घेऊन येणारे हौशी लोकही. पुण्यातल्या एका छोट्या निसर्गगटाकडून या सगळ्याची टिपणं मी ठेवत होते. त्यामुळे जे लिहिलं आहे ते बैठकांमध्ये बसून आणि माळावर फिरून पाहिलेलं आहे.

पार्श्वभूमी

पुणे शहर सोडून पुरंदर ओलांडलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. दौंड, बारामती, इंदापूरच्या बाजूला तो वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला. जिथे पोचलं नाही तिथे मुरमाड माळ राहिले, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल आणि मधूनमधून हिवर, बोरी, बाभळी. चिंकारा, खोकड, तरस, ससे आणि लांडगा यांचं हेच घर. सरकारी नोंदींत मात्र अशा जमिनीचा बराच भाग ‘पडीक’ या सदरात मोडतो. पडीक म्हटलं की त्यावर काहीतरी लावायला हवं असं सगळ्यांनाच वाटतं. कधी गिरिपुष्प लावलं जातं, कधी सौर पॅनेल, कधी नुसते चर खणले जातात.

अभयारण्य आहे, नाही असं नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर १९९७ मध्ये जाहीर झालं, पण त्याचं क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका कळपाला फिरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचा टापू लागतो. म्हणजे पुणे जिल्ह्यातला लांडगा राहतो तो गायरानात, वनखात्याच्या तुटक तुकड्यांत आणि लोकांच्या शेताच्या बांधावर. त्याचं पोट भरतं ते मुख्यत्वे मेंढ्या-शेळ्यांवर. हे कुणी नाकारत नाही, धनगर तर नाहीच नाहीत.

प्रकरणातल्या माळावर एका धनगर कुटुंबाचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्कामाचा तळ, असतो. त्यांचे भाऊबंद दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, हे कुटुंब मात्र गेली काही वर्षं इथेच थांबतं. शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य-पैसा घ्यायचा, दिवसा माळावर चारायचं. घरातल्या कर्त्या माणसाला सगळे तात्या म्हणतात. लांडग्यांची जोडी त्यांना चालीवरून ओळखू यायची. “त्याचा वाटा हाय की आमच्या मेंढरांत,” ते पहिल्या भेटीत म्हणाले होते, “पण त्यानं वाटा घ्यावा, वाडा मोडू नये.” पुढे जे घडलं त्यात या वाक्याची दुसरी बाजू फार महाग पडली.

अडचण

तीन गोष्टी एकाच पंधरवड्यात एकमेकींवर आदळल्या.

पहिली, बीळ. डिसेंबरअखेर मादी जोडीने दिसेनाशी झाली आणि पुन्हा दिसली तेव्हा पोट उतरलेलं, सड ओथंबलेले. तात्यांनी अंदाज बांधला की ती व्याली आहे आणि एका ओघळीच्या कडेला तिने बीळ धरलं आहे. दख्खनच्या माळावर लांडग्यांची पिल्लं साधारण हिवाळ्यातच जन्मतात, तीन-चार आठवड्यांनी बिळाच्या तोंडाशी येऊ लागतात आणि आणखी दीड-दोन महिने तरी त्या परिसरातच असतात. जानेवारीच्या सुरुवातीला तात्यांनी वनरक्षकाला सांगितलं. एरवी ते सांगत नाहीत. या वेळी सांगितलं, कारण दुसरी गोष्ट माळावर येऊन उभी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे पोकलेन. पुण्यातल्या एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या पैशातून, त्या पट्ट्यात झाडं लावायची होती. त्यासाठी सलग समतल चर खणायचं काम मंजूर झालं होतं. पश्चिमेकडून सुरुवातही झाली. आखणीप्रमाणे चर बिळापासून दगड टाकायच्या अंतरावरून जाणार होते.

तिसरी गोष्ट म्हणजे भीती. २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराईच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या देशभर गाजल्या. तिथल्या वनखात्याने ‘ऑपरेशन भेडिया’ नावाने मोहीम काढली. ते व्हिडिओ इथल्या प्रत्येक फोनवर पोचले. नेमक्या त्याच जानेवारीत एका रात्री वाड्यावर हल्ला झाला आणि नऊ मेंढ्या मेल्या. खाल्ली गेली फक्त एक. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, एका बाजूने पडली होती. कोंडलेली मेंढरं पळू शकत नाहीत, एकमेकांवर चढतात, आणि अशा गोंधळात मारणारं जनावर थांबत नाही. गावात मात्र आकडा फिरला तो ‘नऊ मारल्या, भुकेपोटी नाही’ असा. माळाच्या कडेने शाळेला जाणाऱ्या मुलांच्या आया ग्रामपंचायतीत येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: पिल्लं उचला आणि कुठेतरी नेऊन सोडा.

‘लांडगे तर भरपूर आहेत’

वनपरिक्षेत्र कार्यालयात बैठक झाली. वनखात्याचे लोक, सरपंच, कंपनीचा पर्यावरण सल्लागार आणि आम्ही दोघं. सल्लागाराने पहिल्याच दहा मिनिटांत एक मुद्दा मांडला आणि पुढचं सगळं प्रकरण त्याभोवती फिरलं. तो म्हणाला, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ग्रे वुल्फ, म्हणजे करडा लांडगा, ‘लीस्ट कन्सर्न’ (सर्वांत कमी चिंतेचा) आहे. अलास्कापासून सायबेरियापर्यंत हजारोंनी लांडगे आहेत, युरोपात तर संख्या वाढते आहे. मग एका बिळासाठी मंजूर काम का थांबवायचं?

त्या दिवशी यादीत तसंच लिहिलेलं होतं, त्यामुळे हा मुद्दा झटकून टाकता येत नव्हता. मला अजूनही वाटतं की त्याने तो प्रामाणिकपणे मांडला. पण यादीतली ती ओळ एका अख्ख्या जातीबद्दल आहे आणि ती जात उत्तर गोलार्धातल्या टुंड्रापासून वाळवंटापर्यंत पसरलेली आहे. जपानमध्येही हीच जात होती. तिथला होन्शू बेटावरचा लांडगा १९०५ नंतर कुणाला मिळाला नाही. जातीचा एकूण आकडा ठीक असताना एक अख्खा लांडगा नाहीसा होऊ शकतो, हे त्या बेटाने केव्हाच दाखवून दिलं आहे.

आपल्या देशातच दोन निराळे लांडगे आहेत. लडाख-स्पितीकडचा जाड केसांचा हिमालयी लांडगा उंचीवरच्या विरळ हवेला जुळलेला. आययूसीएनने २०२३ मध्ये त्याचं स्वतंत्र मूल्यांकन करून त्याला ‘असुरक्षित’ ठरवलं. आणि मैदानातला, माळावरचा भारतीय लांडगा: अंगाने लहान, वजनाला वीस किलोच्या आसपास, केस आखूड, उन्हाला सरावलेला. जनुकीय अभ्यास सांगतात की हे दोन्ही वंश फार पूर्वी इतर लांडग्यांपासून फुटून निघाले. लांडग्यांच्या आज हयात असलेल्या शाखांमध्ये भारतीय लांडगा सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. भारतात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास धरली जाते. वाघही आपल्याकडे साधारण तेवढेच आहेत. पण वाघाला पन्नासहून अधिक राखीव प्रकल्प आहेत आणि लांडग्याच्या वाट्याला बहुतांशी असे माळ. पुढे २०२५ मध्ये आययूसीएनच्या तज्ज्ञगटाने भारतीय लांडग्याचंही वेगळं मूल्यांकन केलं आणि तोही ‘असुरक्षित’ ठरला. पण बैठक त्याआधीची. आमच्या हातात तेव्हा हा कागद नव्हता.

शेवटी वाद मिटला तो दुसऱ्याच बाजूने. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ समोर ठेवला. लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघ-बिबट्याच्या रांगेत. कायदा जागतिक संख्या विचारत नाही. “यादी जगाची आहे, माळ माझ्या ताब्यात आहे,” एवढंच ते म्हणाले आणि बिळाच्या बाजूचं काम तात्पुरतं थांबलं.

कॅमेऱ्यातला पिवळा

वनखात्याच्या परवानगीने बिळाकडे जाणाऱ्या पायवाटांवर, बिळापासून लांब, दोन कॅमेरे लावले होते. जोडी आली, आणि तिच्यासोबत एक तिसरं जनावर आलं. साधारण वर्षाचं, लांडग्याच्याच चालीचं, पण अंगाचा रंग पिवळसर-तांबूस आणि शेपटीला किंचित वळण.

पुण्याभोवती हा प्रश्न नवा नाही. अशाच पिवळसर जनावरांच्या नमुन्यांवरून पुणे परिसरातल्या लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बेंगळुरूच्या अट्री व एनसीबीएस या संशोधन संस्थांचं ते काम होतं, आणि भारतातला असा तो पहिला पुरावा. माळाच्या कडेला वस्त्या वाढल्या, उकिरडे वाढले, भटकी कुत्री वाढली. लांडग्याला आपल्यातला जोडीदार मिळणं अवघड झालं की तो कुत्र्याबरोबर जोडी जमवतो.

फोटो बैठकीत दाखवावा की नाही, यावर आमच्यातच मतभेद झाले. दाखवला. आणि अपेक्षेप्रमाणे नवा मुद्दा निघाला: हे तर कुत्रेच आहेत, मग पहिली अनुसूची कशाला? कायद्याच्या यादीत संकरासाठी वेगळी ओळ नाही. कॅमेऱ्यातल्या रंगावरून संकर ठरतही नाही, त्याला जनुकीय नमुना लागतो आणि नमुना घ्यायला वरिष्ठांची परवानगी. ती येईपर्यंत काय करायचं, हा खरा निर्णय होता.

समोरचे पर्याय

पिल्लं उचलायचा पर्याय गावाचा होता आणि तो पहिल्यांदा बाद झाला, पण आयांच्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय तो बाद करणं योग्य नव्हतं. माळावरच्या पावलांचे माग काढून दाखवले, मुलं कोणत्या वाटेने आणि किती वाजता जातात ते विचारलं. लांडगे वावरत होते ते अंधार पडल्यावर आणि पहाटे. मुलांवर कधी चाल करून आल्याची एकही घटना गावात कुणाला आठवेना, वयस्करांनाही नाही. पिसाळलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. ती शक्यता आम्ही लपवली नाही. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, मग चावणारा लांडगा असो की गावचं कुत्रं, हे शाळेत सांगितलं गेलं. उचललेली पिल्लं मरतात किंवा जन्मभर पिंजऱ्यात राहतात आणि आईबाप त्याच माळावर उरतात, हे तात्यांनी सांगितल्यावर लोकांना पटलं. आमच्याकडून ते पटलं नव्हतं.

पोकलेनबाबत तीन मतं होती. सल्लागाराचं: बिळाभोवती शंभर मीटर सोडून काम चालू ठेवू. वनखात्याचं: मार्चअखेर, पिल्लं बीळ सोडेपर्यंत, त्या बाजूचं काम बंद. आमच्या गटाचं: या माळावर चर आणि झाडं दोन्ही नकोतच. गवताळ माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. दाट झाडी उभी राहिली की सावलीने गवत जातं, चिंकारा जातो, तात्यांची चराई जाते, आणि भक्ष्यावर लांबून नजर ठेवून धावणाऱ्या लांडग्यालाही तो माळ उरत नाही. शंभर मीटरचा पर्याय कागदावर सर्वांत समंजस दिसत होता. प्रत्यक्षात दिवसभर पोकलेन चालत असताना मादी पिल्लांना पाजायला येईल, हे कोण सांगणार? वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी दुसरा पर्याय निवडला. आमचा तिसरा पर्याय ‘पुढच्या आराखड्यात बघू’ या फाइलीत गेला.

पिवळ्याबाबत आमच्याच गटातल्या एकाचं मत होतं की त्याला पकडून निर्बीज करावं, नाहीतर वंश मिसळत जाईल. हे मत बाहेरच्या अनुभवावर उभं होतं. अमेरिकेतला लाल लांडगा १९८० मध्ये जंगलातून संपला. बंदिवासात जपलेल्या चौदा जनावरांपासून वाढवलेली प्रजा १९८७ पासून नॉर्थ कॅरोलिनात सोडली गेली. तिथेही कायोटीशी, म्हणजे लांडग्याच्या तिथल्या लहान भाईबंदाशी, संकराचा प्रश्न आला, तेव्हा कायोटी पकडून, निर्बीज करून त्यांच्याच जागी परत सोडले गेले. तरीही जंगलातले लाल लांडगे आज जेमतेम दोन-तीन डझन आहेत आणि त्यांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे.

विरोधी मत माळावरच्या परिस्थितीतून आलं. पिवळा जर आधीच्या विणीतला असेल तर तो या पिल्लांसाठी अन्न आणत असणार. लांडग्यांत मोठी भावंडं धाकट्यांना वाढवायला मदत करतात. बिळाच्या हंगामात सापळे लावले तर त्यात मादी अडकू शकते, आणि मग पिल्लं गेलीच. शिवाय नमुना नाही. रंगावरून संकर ठरवून जनावर पकडायचं म्हणजे न्यायनिवाडा आधी आणि पुरावा नंतर. पकडू नये, नमुन्याची परवानगी मागावी आणि पिवळ्याच्या मुळाशी असलेल्या कारणाकडे, म्हणजे कुत्र्यांकडे, वळावं असं ठरलं.

प्रत्यक्ष काय केलं

कुत्रं माळावर कशाने येतं हे शोधायला फार फिरावं लागलं नाही. आसपासच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या रात्री पोत्यांत भरून ओघळीत टाकल्या जात होत्या. तिथे कुत्र्यांच्या टोळ्या होत्या आणि त्याच ढिगावर लांडगेही येत होते. खाणं एकाच जागी, म्हणजे रोगांचीही देवाणघेवाण तिथेच. इथिओपियातला लांडगा, प्रौढ पाचशेपेक्षा कमी उरलेला आणि ‘संकटग्रस्त’ गटातला, शिकाऱ्यांपेक्षा जास्त गावकुत्र्यांच्या रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) यांनी मारला. तिथल्या बेल पर्वतात या रोगांच्या साथी पुन्हापुन्हा आल्या, म्हणून तिथे वस्त्यांमधल्या कुत्र्यांना लस टोचण्याचं काम वर्षानुवर्षं चालतं. आम्ही तेच गावापुरतं करायचं ठरवलं. आधी तात्यांच्या आणि शेजारच्या वाड्यांवरची राखणीची कुत्री, मग वस्तीवरची. राखणीच्या कुत्र्यांबाबत अडचण आली नाही, मालक जवळ उभे होते. वस्तीवरची निम्मी कुत्री हाती लागलीच नाहीत.

पोल्ट्रीवाल्यांशी बोलणं पोलीस पाटलांनी केलं. त्यांनी लांडग्याचं नावही काढलं नाही. वास, माशा आणि बर्ड फ्लूची तपासणी एवढंच बोलले. दोघांनी खड्डा खणून चुना टाकून पुरायला सुरुवात केली. तिसऱ्याने मान डोलावली आणि पोती दुसऱ्या ओघळीत टाकू लागला.

नुकसानभरपाईवर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. राज्यात लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई मिळते: बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यातली जी कमी ती. पण ४८ तासांत वनखात्याला कळवावं लागतं, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, पंचनामा हवा, पशुवैद्यकाचा दाखला हवा. आणि मारलं कुणी हे ठरायला हवं. कुत्र्यांनी मारलं असेल तर भरपाई नाही. गळ्यावर मोजके खोल दात की मागच्या पायांवर, पोटावर वेड्यावाकड्या फाडलेल्या जखमा, यावर एका कुटुंबाची महिन्याची कमाई अवलंबून असते. नऊपैकी सात मेंढ्या लांडग्याच्या खात्यावर लागल्या, दोन संशयित म्हणून सुटल्या. त्याआधी महिनाभरात गेलेली कोकरं तर कुठेच धरली गेली नाहीत, कारण लांडग्याने ती उचलून नेली होती आणि पंचनामा करायला मागे काहीच नव्हतं. तात्यांना वाघरीसाठी जास्त उंचीची जाळी आणि रात्रीसाठी सौर दिवे दिले गेले. दिवे त्यांनी थोडे दिवस वापरले, मग एकच ठेवला. मेंढरांना झोप लागत नाही म्हणाले.

राहिला गुप्ततेचा निर्णय. बीळ कुठे आहे ते वनरक्षक, तात्या, सरपंच, पोलीस पाटील आणि आमच्यातले दोघं एवढ्यांनाच ठाऊक ठेवायचं ठरलं. रोख पुण्याच्या फोटोग्राफरांवर होता. २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी सुरू झाल्यापासून लांडगा पाहायचा तर पूर्वेकडे जायचं, हे शहरात माहीत झालं आहे. सफारीत ठरलेल्या वाटा आणि वाटाडे असतात. आमच्या माळावर दोन्ही नव्हतं.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या मध्याला एका शनिवारी दोन गाड्या ओघळीपर्यंत आल्या. कुणीतरी आधी टाकलेल्या फोटोत मागची टेकडी दिसत होती. टेकडी ओळखणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. रात्रीतून मादीने पिल्लं हलवली. वनखात्याच्या हद्दीतून ती एका शेतकऱ्याच्या पडीत गेली, जिथे त्याला उन्हाळ्यात जमीन सपाट करायची होती. सगळी काळजी ज्या जागेची घेतली ती जागा रिकामी झाली आणि जिथे पिल्लं होती तिथे कुणाचाच शब्द चालत नव्हता. तो शेतकरी तात्यांच्या ओळखीचा निघाला. त्याने काम मेपर्यंत लांबवलं. त्यासाठी त्याला कुणी काही दिलं नाही. द्यायला कुठली योजनाच नव्हती.

बिळाची नेमकी जागा गावालाही त्या गाड्यांमुळेच कळली आणि ग्रामसभा तापली. “पुण्याच्या लोकांना ठाऊक, आम्हाला नाही?” हा प्रश्न एका बाईंनी उभं राहून विचारला. सरपंचांकडे त्यावर उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. मात्र त्याच सभेत तरुणांच्या एका टोळीने शनिवार-रविवार माळाच्या वाटेवर थांबायचं अंगावर घेतलं आणि गाड्या अडवल्या. वनखात्याच्या फलकाने जे झालं नसतं ते त्यांनी केलं.

पिल्लं सुरुवातीला पाच मोजली होती. एप्रिलमध्ये कॅमेऱ्यात तीन आली. एकाचं शव मिळालं, पण इतकं कुजलेलं की कारण निघालं नाही. पाचवं दिसलं नाही. पिवळा मार्चपर्यंत दिसत होता, त्यानंतर नाही. नमुन्याची परवानगी आली तोवर तो माळावर नव्हता. त्यामुळे तो संकर होता की फक्त वेगळ्या रंगाचा लांडगा, हे या प्रकरणात कायमचं अनिर्णित राहिलं.

मार्चअखेर पोकलेन परत आलं नाही. लांडग्यांमुळे नाही, तर आर्थिक वर्ष संपल्यामुळे. निधीचा उरलेला भाग कंपनीने गावातल्या तलावाच्या बांधावर आणि शाळेभोवती झाडं लावायला वळवला. ती झाडं चांगली लागली आहेत, आणि झाडांची जागा तिथेच आहे. पश्चिमेकडे खणलेले चर तसेच आहेत. पहिल्या पावसानंतर त्यांच्या कडेने गवताऐवजी वेडी बाभूळ आधी उगवली.

तात्यांचे भरपाईचे पैसे जूनच्या अखेरीस खात्यात आले, मेंढ्यांच्या त्या वेळच्या बाजारभावापेक्षा बरेच कमी. मेंढ्या अजूनही जातात, अधूनमधून.

वेगळं काय करता आलं असतं

लसीकरण मार्चमध्ये झालं. पिल्लं बिळाबाहेर यायच्या आधी, नोव्हेंबरात, ते व्हायला हवं होतं. धनगरवाड्यांचं वेळापत्रक तात्यांना विचारलं असतं तर कळलं असतं की दिवाळीच्या आसपास, कोकणात उतरण्याआधी, सगळे वाडे एकाच भागात असतात. एका दिवसात सगळी राखणीची कुत्री टोचून झाली असती.

गुप्ततेचा क्रम उलटा हवा होता. जागा शहरापासून लपवायची होती, गावापासून नाही. गावाला सुरुवातीलाच विश्वासात घेतलं असतं तर ती तरुण टोळी महिनाभर आधी वाटेवर उभी राहिली असती आणि मादीला पिल्लं हलवावी लागली नसती, असं वनरक्षकाचं मत आहे. मला ते बरोबर वाटतं, जरी काही सहकाऱ्यांना तो धोका मोठा वाटतो.

‘लीस्ट कन्सर्न’चा मुद्दा बैठकीत येणार हे ओळखायला हवं होतं. चर मंजूर करतानाच्या कागदांत त्या पट्ट्यातल्या प्राण्यांची यादी होती. तिच्यात ‘लांडगा’ एवढंच लिहून पुढे जागतिक दर्जा टाकलेला होता. तिथे उपजात, पहिली अनुसूची आणि विणीचा काळ एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या असत्या, तर पोकलेन जानेवारीत माळावर आलंच नसतं. आता त्या वनपरिक्षेत्रात डिसेंबर ते मार्च माळावर यंत्राचं काम घ्यायचं नाही असं तोंडी ठरलं आहे. तोंडी ठरलेलं पुढच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचेल का, ही शंका रास्त आहे, म्हणून ते कामाच्या आराखड्यात लेखी यावं असा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह दिला आहे. ठरावावर पहिली सही ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाईंची आहे. शेजारच्या पट्ट्याच्या आराखड्यात मात्र यंदाही रोपवन धरलेलं आहे, आणि तिसऱ्या पोल्ट्रीची पोती त्याच पट्ट्यातल्या ओघळीत पडतात.